लुईस कॅरोल

लुईस कॅरोल (मूळ नाव : चार्ल्स लट्विज डॉजसन, जन्म : डेर्सबरी, चेशायर, इंग्लंड, २७ जानेवारी १८३२, मृत्यू : गिल्डफर्ड, सरे, इंग्लंड, १४ जानेवारी १८९८) हे व्हिक्टोरियन काळातील इंग्रज बालसाहित्यकार, गणितज्ञ, तर्कशास्त्रज्ञ आणि छायाचित्रकार होते. ‘ॲलिसेस ॲडव्हेंचर्स इन वंडरलँड’ (१८६५) आणि ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’ (१८७१) या दोन पुस्तकांमुळे ते जगभर ओळखले जातात. ऑक्सफर्ड विद्यापीठातील क्राइस्ट चर्च या महाविद्यालयात त्यांनी २६ वर्षे गणिताचे अध्यापन केले. याशिवाय त्यांनी पत्त्यांचे, पटावरचे, शब्दांचे आणि तर्काचे अनेक खेळ रचले. त्यांच्या साहित्याचे मूळ त्यांच्या बालपणीच्या घरातील बैठ्या खेळांत, बाहुल्यांच्या नाटकांत आणि भावंडांसाठी तयार केलेल्या सचित्र हस्तलिखित नियतकालिकांत सापडते. त्यांपैकी काही हस्तलिखिते आजही उपलब्ध असल्यामुळे एका व्हिक्टोरियन मुलाची कल्पनाशक्ती कशी घडत गेली, हे त्यांच्या बाबतीत बऱ्याच तपशिलाने पाहता येते.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये मध्यमवर्गीय कुटुंबाचे जीवन घराच्या दिवाणखान्याभोवती केंद्रित झाले होते. लांबलेल्या हिवाळी संध्याकाळी आणि नाताळच्या सुट्टीत लहानथोर मंडळी एकत्र बसून पत्ते, बुद्धिबळ, कोडी, शब्दांच्या भेंड्या, आंधळी कोशिंबीर आणि मूकाभिनयाने शब्द ओळखण्याचा ‘शॅरेड्स’ हा खेळ खेळत असत. छपाई स्वस्त होत गेली तसे खेळांचे रंगीत पट आणि चित्रांचे पत्ते बाजारात येऊ लागले. यांतील अनेक खेळ मुलांना इतिहास, भूगोल किंवा सदाचार शिकवण्याच्या हेतूने तयार केलेले असत. चित्रकला हाही सुसंस्कृत घरातील मुलांच्या, विशेषतः मुलींच्या, शिक्षणाचा भाग मानला जाई.

हे बालपण सर्वांच्या वाट्याला येत नव्हते. डॉजसन यांच्या जन्मानंतरच्या वर्षी, म्हणजे १८३३ मध्ये, संमत झालेल्या कारखाना कायद्याने बहुतेक कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली. अशा कायद्याची गरज भासावी, यावरूनच त्या काळच्या गरीब मुलांची स्थिती ध्यानात येते. खेळायला जागा, कागद, रंग आणि मोकळा वेळ असणे ही सुस्थितीतील घरांची मिरास होती. डॉजसन कुटुंब श्रीमंत नव्हते. मात्र शिक्षण, पुस्तके आणि घरभर भावंडे यांची तेथे वाण नव्हती.

जन्म आणि कुटुंब

चार्ल्स यांचे वडील, त्यांचेही नाव चार्ल्स डॉजसन, हे इंग्लंडच्या चर्चमधील धर्मोपदेशक होते. ते स्वतः ऑक्सफर्डचे पदवीधर असून गणितात आणि अभिजात भाषांत पारंगत होते. आईचे नाव फ्रान्सिस जेन लट्विज. वडील आणि आई ही एकमेकांची आते-मामे नात्यातील भावंडे होती. या दांपत्याला सात मुली आणि चार मुलगे अशी एकूण ११ अपत्ये झाली. बालमृत्यूंचे प्रमाण मोठे असलेल्या त्या काळात ही सर्व अपत्ये प्रौढ वयापर्यंत जगली, ही असाधारण गोष्ट होय. चार्ल्स हे तिसरे अपत्य आणि थोरले पुत्र होते.

डेर्सबरी येथील त्यांचे घर गावापासून दूर, शेतांच्या मधोमध होते. बाहेरचे सवंगडी फारसे नसल्यामुळे भावंडांनाच एकमेकांची सोबत होती. प्राथमिक शिक्षणही घरीच झाले. १८४३ मध्ये वडिलांची यॉर्कशायरमधील क्रॉफ्ट-ऑन-टीज येथे नेमणूक झाली आणि कुटुंब तेथील प्रशस्त धर्मोपदेशक-निवासात राहू लागले. त्या वेळी चार्ल्स ११ वर्षांचे होते. त्यांना बोलताना अडखळण्याचा दोष होता आणि तो त्यांच्या बहुतेक भावंडांतही होता. अनोळखी लोकांत तो अधिक जाणवे. घरात मात्र खेळ ठरवणारा, नियम करणारा आणि गोष्टी सांगणारा थोरला भाऊ म्हणूनच त्यांचे स्थान होते.

क्रॉफ्ट येथील खेळ

क्रॉफ्टपासून जवळच असलेल्या डार्लिंग्टन भागात १८२५ मध्ये वाफेच्या इंजिनाची सार्वजनिक रेल्वे सुरू झाली होती. रेल्वेचे हे नवल चार्ल्स यांनी थेट आपल्या बागेत आणले. एकचाकी ढकलगाडी, पिंप आणि एक लहान गाडा जोडून त्यांनी आगगाडी तयार केली. बागेत ठिकठिकाणी स्थानके नेमून भावंडांना प्रवासी केले आणि या रेल्वेसाठी नियमही लिहून काढले. गाडीखाली आलेल्या प्रवाशाने डॉक्टरची मदत मिळण्यापूर्वी किमान तीन गाड्या अंगावरून जाईपर्यंत निमूटपणे पडून राहावे, असा त्यांतील एक नियम होता. वरकरणी अत्यंत शिस्तबद्ध आणि आतून पूर्णतः असंबद्ध अशी ही नियमांची तऱ्हा पुढे ॲलिसच्या कथांचा गाभा ठरली.

चार्ल्स यांना हातचलाखीच्या प्रयोगांचीही आवड होती. डोक्यावर तपकिरी केसांचा टोप आणि अंगात पायघोळ पांढरा झगा घालून ते भावंडांसमोर जादूगार म्हणून उभे राहत. कुटुंबीयांच्या आणि गावातील सुताराच्या साहाय्याने त्यांनी कळसूत्री बाहुल्यांचे एक छोटे नाट्यगृहही उभारले होते. त्यासाठी नाटके तेच लिहीत आणि बाहुल्यांच्या दोऱ्याही तेच हलवीत. त्यांच्या अशा नाटकांपैकी ‘ला ग्विदा दी ब्राज्या’ हे संगीत प्रहसन उपलब्ध आहे. ब्रॅडशॉ यांच्या सुप्रसिद्ध रेल्वे वेळापत्रकाची त्यात थट्टा केलेली आहे.

या घरातील बालपणाच्या काही खुणा पुढे अनपेक्षितपणे हाती आल्या. १९५० मध्ये क्रॉफ्ट येथील घराच्या दुरुस्तीत मुलांच्या खोलीतील फळ्यांखाली लपवून ठेवलेल्या काही वस्तू सापडल्या. त्यांत शिवणकामाचे अंगुस्तान, लहान मुलाचा पांढरा हातमोजा आणि डाव्या पायाचा बूट यांचा समावेश होता. ॲलिसच्या कथेत अंगुस्तान आणि पांढरे हातमोजे या दोन्ही वस्तू येतात. त्यामुळे अभ्यासकांना या सापडीचे विशेष कुतूहल वाटले.

कौटुंबिक नियतकालिके आणि बालपणीची चित्रे

घरातल्या घरात हस्तलिखित नियतकालिक काढण्याची प्रथा व्हिक्टोरियन काळातील अनेक सुशिक्षित कुटुंबांत होती. डॉजसन भावंडांच्या अशा उपक्रमांचे संपादक, मुख्य लेखक आणि चित्रकार चार्ल्सच असत. यांतील उपलब्ध असलेले पहिले हस्तलिखित ‘युसफुल अँड इन्स्ट्रक्टिव्ह पोएट्री’ हे त्यांनी १८४५ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, विल्फ्रेड आणि लुईसा या धाकट्या भावंडांसाठी तयार केले. त्याचे नाव उपदेशपर वाटते. आतील कविता मात्र मुलांना पाठ कराव्या लागणाऱ्या बोधपर पद्यांची खिल्ली उडवतात. अत्यंत गंभीर सुरात मांडलेले निरर्थक तात्पर्य हे त्यांचे वैशिष्ट्य आहे.

त्यानंतर ‘द रेक्टरी मॅगझिन’ आणि १८५० च्या सुमारास ‘द रेक्टरी अंब्रेला’ ही हस्तलिखिते तयार झाली. ‘अंब्रेला’च्या आरंभी चार्ल्स यांनी काढलेले एक बोलके चित्र आहे. हसतमुख वृद्ध गृहस्थ मोठी छत्री उघडून बसले आहेत. छत्रीवर विनोद, कोडी, कविता आणि गोष्टी यांची नावे लिहिलेली आहेत. वरून काही दुष्ट पिशाच्चे खिन्नता, कंटाळा, चिडखोरपणा असे दगड खाली टाकत आहेत, तर छोट्या पऱ्या त्या गृहस्थांना आनंद आणि समाधान यांच्या भेटी आणून देत आहेत. मनावर येणाऱ्या संकटांपासून खेळ आणि हास्य हे आडोसा देतात, हा विचार त्यांनी अठराव्या वर्षाच्या आसपास चित्रातून मांडला.

याच हस्तलिखितात नामांकित चित्रांची विडंबने आहेत. रॉबर्ट व्हर्नन यांनी १८४७ मध्ये राष्ट्राला दिलेल्या चित्रसंग्रहाच्या नावाने ही मालिका काढलेली असून, जोशुआ रेनल्ड्स यांच्या निरागस बालिकेच्या प्रसिद्ध चित्राच्या जागी तेथे झाडाखाली बसलेला तरुण पाणघोडा दिसतो. या रेखाटनांत शरीररचनेचे काटेकोर ज्ञान नाही. डोकी मोठी, हातपाय काटकुळे आणि चेहरे व्यंगचित्रासारखे आहेत. परंतु प्रसंग नेमका पकडण्याची आणि एखादी गोष्ट तिच्या प्रमाणाबाहेर वाढवून हास्य निर्माण करण्याची दृष्टी त्यांत स्पष्ट दिसते.

शेवटचे नियतकालिक ‘मिशमॅश’ हे १८५५ ते १८६२ या काळातील असून ते कात्रणवहीच्या स्वरूपाचे आहे. ‘जॅबरवॉकी’ या सुप्रसिद्ध अर्थहीन कवितेचे पहिले कडवे १८५५ मध्ये याच वहीत प्राचीन अँग्लो-सॅक्सन काव्याचा नमुना म्हणून थट्टेने लिहिले गेले. पूर्ण कविता वाचकांसमोर येण्यास त्यानंतर १६ वर्षे लागली.

शालेय आणि विद्यापीठीय शिक्षण

१८४४ मध्ये चार्ल्स यांना रिचमंड येथील शाळेत पाठवण्यात आले. १८४६ ते १८४९ या काळात ते रग्बी येथील नामांकित निवासी शाळेत होते. अभ्यासात, विशेषतः गणितात, त्यांनी बक्षिसे मिळवली. परंतु तेथील दांडगाई आणि रात्रीचा जाच त्यांना असह्य झाला होता. ती वर्षे पुन्हा जगण्याची आपली तयारी नाही, असे त्यांनी नंतर नमूद करून ठेवले. घरी नियतकालिकांचे काम जोमाने चालू होते ते याच वर्षांत, हे लक्षात घेतले म्हणजे ‘अंब्रेला’वरील छत्रीचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

जानेवारी १८५१ मध्ये ते ऑक्सफर्डमधील क्राइस्ट चर्च येथे राहण्यास गेले आणि दोनच दिवसांत आईच्या निधनामुळे त्यांना घरी परतावे लागले. धाकटे भावंड एडविन त्या वेळी अवघे चार वर्षांचे होते. १८५४ मध्ये त्यांनी गणितात प्रथम श्रेणी मिळवून पदवी घेतली. १८५५ पासून १८८१ पर्यंत ते क्राइस्ट चर्चमध्ये गणिताचे व्याख्याते होते. महाविद्यालयाच्या नियमानुसार त्यांना अविवाहित राहणे आणि धर्मसेवेत प्रवेश करणे आवश्यक होते. १८६१ मध्ये त्यांनी डीकनपदाची दीक्षा घेतली. त्यापुढील पौरोहित्याची दीक्षा मात्र त्यांनी कधीच घेतली नाही.

१८५६ मध्ये ‘द ट्रेन’ या मासिकात कविता प्रसिद्ध करताना त्यांनी लुईस कॅरोल हे टोपणनाव प्रथम वापरले. चार्ल्स लट्विज या आपल्या नावाचे लॅटिन रूप करून, त्याचा क्रम उलटवून आणि त्याचे पुन्हा इंग्रजी रूप करून त्यांनी हे नाव तयार केले. त्यांनी सुचवलेल्या चार नावांतून संपादक एडमंड येट्स यांनी त्याची निवड केली. अशा रीतीने त्यांचे टोपणनावही एका शब्दखेळातून जन्मले.

ॲलिसची कथा आणि तिची चित्रे

१८५५ मध्ये हेन्री लिडेल हे क्राइस्ट चर्चचे प्रमुख झाले. त्यांच्या मुलांशी डॉजसन यांची ओळख झाली आणि लॉरिना, ॲलिस व ईडिथ या तीन बहिणींशी त्यांचा स्नेह जुळला. ४ जुलै १८६२ रोजी डॉजसन आणि त्यांचे सहकारी रॉबिन्सन डकवर्थ यांनी या तिघींना नावेतून गॉडस्टो येथे नेले. वाटेत त्यांनी ॲलिस नावाची मुलगी सशाच्या बिळातून जमिनीखाली जाते, अशी कथा रचून सांगितली. त्या वेळी ॲलिस लिडेल दहा वर्षांची होती. तिने ही कथा लिहून देण्याचा आग्रह धरला.

कथा लिहून झाल्यावर तिच्यासाठी स्वतः चित्रे काढण्यात डॉजसन यांचा बराच काळ गेला. ‘ॲलिसेस ॲडव्हेंचर्स अंडर ग्राउंड’ हे ९० पानांचे, सुवाच्य अक्षरातील आणि ३७ चित्रांनी सजलेले हस्तलिखित त्यांनी नोव्हेंबर १८६४ मध्ये ॲलिसला नाताळची भेट म्हणून दिले. मजकुराच्या ओळींत चित्र गुंफण्याची त्यातील पद्धत थेट क्रॉफ्टच्या नियतकालिकांतून आलेली आहे. वाढत जाऊन खोलीत कोंडली गेलेली ॲलिस त्यांनी चौकटीच्या चारही कडांना टेकलेली, अंग आक्रसून बसलेली अशी दाखवली आहे. रेखाटन अपक्व असले तरी लहान मुलाला वाटणारी कोंडी त्यात प्रत्ययकारी झाली आहे.

पुस्तकासाठीही आपणच चित्रे काढावीत, असा डॉजसन यांचा प्रथम विचार होता. लाकडी ठशांच्या छपाईसाठी आपले कसब अपुरे असल्याचे ध्यानात आल्यावर त्यांनी तो सोडला. कलासमीक्षक जॉन रस्किन यांनीही त्यांना चित्रकलेवर फार वेळ न घालवण्याचा सल्ला दिल्याचे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. अखेर ‘पंच’ साप्ताहिकाचे व्यंगचित्रकार जॉन टेनियल यांच्याकडे हे काम सोपवण्यात आले. टेनियल यांनी ४२ चित्रे काढली. दरम्यान डॉजसन यांनी कथेचा विस्तार जवळजवळ दुप्पट केला. चेशायर मांजर आणि वेड्या टोपीवाल्याचा चहापानाचा प्रसंग मूळ हस्तलिखितात नव्हते. ते या वेळी आले. राणीच्या क्रोकेच्या खेळात हस्तलिखितातील शहामृगांची जागा छापील पुस्तकात रोहित पक्ष्यांनी घेतली.

पुस्तकाचा खर्च डॉजसन यांनी स्वतः सोसला होता. १८६५ मध्ये छापलेल्या २,००० प्रती चित्रांची छपाई टेनियल यांना पसंत न पडल्याने त्यांनी मागे घेतल्या आणि पुस्तक पुन्हा छापून घेतले. मर्यादित उत्पन्न असलेल्या प्राध्यापकाला हा तोटा लहान नव्हता. नवी आवृत्ती मॅकमिलन कंपनीने त्याच वर्षाच्या अखेरीस प्रसिद्ध केली आणि ती अल्पावधीतच लोकप्रिय झाली. प्रत्येक प्रसंगाला नीतिबोध जोडण्याची तत्कालीन बालसाहित्यातील रूढी या पुस्तकाने मोडली. कथेतील डचेस हे पात्र तर जागोजागी तात्पर्य शोधणाऱ्यांची थट्टाच आहे.

१८७१ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’ची रचना बुद्धिबळाच्या डावावर आधारलेली आहे. पहिल्या पुस्तकात पत्त्यांची राणी आणि तिचे दरबारी येतात. दुसऱ्यात ॲलिस स्वतः प्यादे होऊन पटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते आणि अखेर वजीर बनते. इंग्रजी बुद्धिबळात वजिराला राणी म्हणत असल्याने तेथे तिला राणीचा मुकुट मिळतो. दोन्ही कथांत दिवाणखान्यातील खेळाची साधने जिवंत होतात. नियम माहीत नसलेल्या लहान मुलीला मोठ्यांच्या लहरी नियमांशी सामना करावा लागतो आणि शेवटी ती तो डावच उधळून लावते.

खेळांची निर्मिती

डॉजसन यांनी नवे खेळ रचण्याचा नाद आयुष्यभर जोपासला. १८६० मध्ये त्यांनी ‘कोर्ट सर्क्युलर’ या पत्त्यांच्या खेळाचे नियम छापले. क्रोकेचा खेळ इंग्लंडमध्ये नव्यानेच लोकप्रिय होत असताना लिडेल भगिनींसोबत खेळताना त्यांनी त्याचा ‘क्रोके कॅसल्स’ हा अधिक गुंतागुंतीचा प्रकार तयार केला आणि त्याचे नियम १८६३ मध्ये प्रसिद्ध केले. ‘लॅनरिक’ हा बुद्धिबळाच्या पटावर सोंगट्यांनी खेळण्याचा खेळ नंतरच्या काळातील आहे.

शब्दखेळांत त्यांचा ‘डब्लेट्स’ हा प्रकार सर्वाधिक गाजला. १८७७ च्या नाताळात दोन मुलींना वेळ घालवण्यासाठी काही हवे होते, म्हणून त्यांनी तो शोधून काढला. यात समान अक्षरसंख्येचे दोन शब्द देतात. पहिल्या शब्दातील एका वेळी एकच अक्षर बदलत दुसऱ्या शब्दापर्यंत पोहोचायचे असते आणि मधला प्रत्येक टप्पा हा अर्थपूर्ण शब्दच असावा लागतो. मराठीत याचे उदाहरण द्यायचे तर ‘वन’पासून ‘घर’ गाठताना ‘वन, घन, घर’ अशी साखळी होईल. १८७९ मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’ या साप्ताहिकात त्याच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि त्याच वर्षी तो पुस्तकरूपानेही आला. आज ‘शब्दशिडी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोड्यांचे मूळ यात आहे. कौटुंबिक नियतकालिकाचेच नाव दिलेल्या ‘मिशमॅश’ या दुसऱ्या खेळात एक खेळाडू सलग अक्षरे देतो आणि दुसऱ्याने ती त्याच क्रमाने सामावणारा शब्द सांगायचा असतो. जसे मराठीत ‘रव’ दिल्यास ‘करवत’ हे उत्तर होईल.

खेळ न्याय्य असावा, याबाबत ते विशेष दक्ष होते. १८८३ मध्ये त्यांनी लॉन टेनिसच्या बाद पद्धतीच्या स्पर्धांवर पुस्तिका लिहिली. दुसऱ्या क्रमांकाच्या गुणवत्तेचा खेळाडू पहिल्याच फेरीत सर्वोत्तम खेळाडूसमोर आला तर तो बाद होतो आणि दुसरे बक्षीस त्याच्याहून कमी कुवतीच्या खेळाडूला मिळते, हा दोष त्यांनी त्यात गणिताने दाखवून दिला. मतदानाच्या पद्धतींवरील त्यांचे लेखनही याच विचाराशी निगडित असून निवडणूकशास्त्राच्या इतिहासात त्याला स्थान आहे.

गणित आणि तर्कशास्त्र

‘यूक्लिड अँड हिज मॉडर्न रायव्हल्स’ (१८७९) या ग्रंथात डॉजसन यांनी शालेय भूमितीसाठी यूक्लिडच्या मांडणीचा पुरस्कार केला. गणिताचा हा विषयही त्यांनी नाट्यसंवादाच्या रूपात मांडला. ‘अ टँगल्ड टेल’ (१८८५) मध्ये गणिती कोडी गोष्टींत गुंफलेली आहेत.

तर्कशास्त्र मुलांनाही शिकवता येते, अशी त्यांची धारणा होती. ‘द गेम ऑफ लॉजिक’ (१८८७) या पुस्तकासोबत त्यांनी पुठ्ठ्याचा एक पट आणि दोन रंगांच्या नऊ सोंगट्या दिल्या. पटावरील एखाद्या घरात लाल सोंगटी ठेवली तर त्या वर्णनाची वस्तू अस्तित्वात आहे आणि करडी ठेवली तर ती नाही, असा अर्थ होतो. दोन विधाने अशी पटावर मांडली की त्यांतून निघणारा निष्कर्ष डोळ्यांना दिसतो. ऑक्सफर्डमधील मुलींच्या शाळेत आणि महिला महाविद्यालयात त्यांनी या पद्धतीने वर्ग घेतले. स्त्रियांना विद्यापीठाची पदवी मिळत नसलेल्या काळात हे अध्यापन उल्लेखनीय ठरते. ‘सिम्बॉलिक लॉजिक’चा पहिला भाग १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला.

छायाचित्रण आणि त्यासंबंधीचे वाद

१८५६ मध्ये डॉजसन यांनी कॅमेरा विकत घेतला. काचेवर ओले रसायन पसरून लगेच चित्र घेण्याची ही पद्धत अत्यंत किचकट होती आणि समोरच्या व्यक्तीला काही सेकंद निश्चल राहावे लागे. मुलांना इतका वेळ शांत ठेवण्यासाठी ते गोष्टी सांगत, वेशभूषेचे कपडे देत आणि छायाचित्रालाच खेळाचे रूप देत. १८८० मध्ये छायाचित्रण थांबवीपर्यंत त्यांनी सुमारे ३,००० छायाचित्रे घेतली. कवी टेनिसन, चित्रकार रोझेटी आणि अभिनेत्री एलेन टेरी यांचीही छायाचित्रे त्यांनी घेतली होती.

लहान मुलींशी असलेल्या त्यांच्या मैत्रीविषयी, तसेच पालकांच्या संमतीने घेतलेल्या काही विवस्त्र बालछायाचित्रांविषयी विसाव्या शतकापासून गंभीर प्रश्न उपस्थित केले गेले आहेत. विवस्त्र बालकाला निरागसतेचे प्रतीक मानण्याचा संकेत त्या काळच्या कलेत रूढ होता, याकडे काही अभ्यासक लक्ष वेधतात. काहींना हे स्पष्टीकरण पुरेसे वाटत नाही. लेखिका कॅरोलाइन लीच यांनी १९९९ च्या आपल्या ग्रंथात, डॉजसन यांचे प्रौढ स्त्रियांशीही स्नेहसंबंध होते आणि केवळ मुलांत रमणारा मनुष्य ही त्यांची प्रतिमा नंतर घडवली गेली, असे मत मांडले. जून १८६३ मध्ये लिडेल कुटुंबाशी त्यांचे संबंध अचानक दुरावले. त्यांच्या दैनंदिनीच्या १३ खंडांपैकी ४ खंड गहाळ आहेत आणि त्या जूनमधील एक पानही कापून काढलेले आहे. त्यामुळे या प्रश्नांचा निर्णायक उलगडा झालेला नाही.

उत्तरायुष्य आणि निधन

१८६८ मध्ये वडिलांच्या मृत्यूनंतर कुटुंबाची जबाबदारी डॉजसन यांच्यावर आली. अविवाहित बहिणींसाठी त्यांनी गिल्डफर्ड येथे ‘द चेस्टनट्स’ हे घर घेतले. ‘द हंटिंग ऑफ द स्नार्क’ (१८७६) हे दीर्घकाव्य आणि ‘सिल्व्ही अँड ब्रूनो’ (दोन भाग : १८८९, १८९३) ही कादंबरी ही त्यांची नंतरची साहित्यकृती होय. उन्हाळ्यात ते ईस्टबोर्न येथे राहत. प्रवासात मुलांच्या करमणुकीसाठी कोडी आणि खेळणी भरलेली पिशवी त्यांच्यासोबत असे. १८६१ पासून त्यांनी पाठवलेल्या आणि आलेल्या पत्रांची नोंदवही ठेवली होती. तिच्यातील अखेरची नोंद ९८,७२१ क्रमांकाची आहे.

जानेवारी १८९८ मध्ये गिल्डफर्ड येथे बहिणींच्या घरी असताना त्यांना इन्फ्लुएंझा झाला. त्याचे पर्यवसान फुप्फुसदाहात होऊन १४ जानेवारी रोजी, वयाची ६६ वर्षे पूर्ण होण्यास दोन आठवडे असताना, त्यांचे निधन झाले. गिल्डफर्ड येथील माउंट दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. त्यांचे भाचे स्टुअर्ट कॉलिंगवुड यांनी त्याच वर्षी त्यांचे पहिले चरित्र प्रसिद्ध केले. क्रॉफ्ट येथील रेल्वे, जादूचे प्रयोग आणि बाहुल्यांचे नाट्यगृह यांविषयीची बरीच माहिती त्यातूनच मिळते.

वारसा

ॲलिसच्या कथांची भाषांतरे जगातील असंख्य भाषांत झाली आहेत. मराठीत भा. रा. भागवत यांनी ‘जाईची नवलकहाणी’ या नावाने पहिल्या पुस्तकाचे रूपांतर केले. शब्दांच्या कोट्या आणि इंग्रज मुलांना पाठ असलेल्या पद्यांची विडंबने हा मूळ कथेचा प्राण असल्याने तिचे भाषांतर ही कोणत्याही भाषेची कसोटी मानली जाते. डॉजसन यांच्या अभ्यासासाठी इंग्लंडमध्ये १९६९ मध्ये ‘लुईस कॅरोल सोसायटी’ची स्थापना झाली आणि १९८२ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतील कविकक्षात त्यांचा स्मृतिशिलालेख बसवण्यात आला.

मूळ सचित्र हस्तलिखित ॲलिस लिडेल (विवाहानंतर ॲलिस हार्ग्रीव्ह्ज) यांनी पतीच्या मृत्यूनंतर १९२८ मध्ये लिलावात विकले. ते १५,४०० पौंडांना एका अमेरिकन ग्रंथविक्रेत्याने घेतले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने दिलेल्या लढ्याबद्दल कृतज्ञता म्हणून काही अमेरिकन नागरिकांनी निधी जमवून ते १९४८ मध्ये ब्रिटनला परत दिले. सध्या ते ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्याच्या अखेरच्या पानावर ॲलिसचे लहान छायाचित्र चिकटवलेले होते. १९७७ मध्ये त्याखाली डॉजसन यांनी स्वतः काढलेले ॲलिसचे रेखाचित्र असल्याचे आढळून आले. ते मनासारखे न उतरल्यामुळे त्यांनी ते झाकले असावे, असे मानले जाते. त्यांच्या चित्रांतील उणिवा एकेकाळी पुस्तकातून वगळण्यास कारण ठरल्या होत्या. आता ही चित्रे टेनियल यांच्या चित्रांच्या बरोबरीने अभ्यासली जातात, कारण कथा प्रथम सांगणाऱ्याने ती कशी पाहिली होती, हे केवळ त्यांतूनच कळते.